सुलोचनादीदी : पडद्यावरची आई आणि कमावती बाई



सध्या गडावर धुकं इतकं दाट आहे, की समोरून येणारी बाई आपल्या गटातली की शेजारच्या वाडीतली, हे जवळ आल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच जणींची भातलावण उरकली असेल. ज्यांची राहिली असेल, त्या आत्ता पाय धुऊन चुलीपुढं बसल्या असतील. बसा, निवांत ऐका. आज कर्जाच्या हप्त्याचं आणि हजेरीचं काही बोलणार नाही. आज सिनेमातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. हिशेब त्यातही आहे, पण तो शेवटी येईल.

ही बाई म्हणजे सुलोचना लाटकर. सगळा महाराष्ट्र त्यांना सुलोचनादीदी म्हणायचा. ३० जुलै हा त्यांचा जन्मदिवस. आपल्यातल्या थोरल्या बायकांनी त्यांचा सिनेमा बघून पदर ओला केला असेल. तरण्या पोरींनी निदान त्यांचा जिजाऊंच्या वेशातला फोटो तरी बघितला असेल. अजून कितीतरी घरांत जिजाऊ म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांपुढं येतो.

हा विषय घ्यायचं कारण आमच्या एका बैठकीत घडलं. ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका गावी बैठकीचं काम लवकर आटोपलं. बाहेर धो धो पाऊस, घरी जायची सोय नाही. एकीच्या लेकीनं समाजमंदिरातल्या टीव्हीवर ‘मोलकरीण’ लावला. हा सिनेमा १९६३ चा. आई काबाडकष्ट करून मुलाला शिकवते. मुलगा मोठा साहेब होतो आणि त्याला खेडवळ आईची लाज वाटायला लागते. शेवटी त्याच्याच घरात ती मोलकरीण म्हणून राबते. आईचं काम सुलोचनादीदींचं. सगळ्या रडल्या. आम्हीही रडलो, खोटं का बोला.

सिनेमा संपला आणि वाद सुरू झाला. अर्ध्या जणी म्हणाल्या, “आईचं काळीज असंच असतंय. लेकराच्या संसारात बिब्बा नको म्हणून ती गप्प बसली, बरोबर केलं.” बाकीच्या म्हणाल्या, “काय बरोबर केलं? पयल्याच दिवशी सांगायचं हुतं की, मीच तुझी आई हाय म्हणून.” आवाज चढले. एक मावशी तेवढ्या कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, “बायांनो, ही माझीच गोष्ट हाय.”

मावशींचं नाव आणि गाव सांगणार नाही. त्यांनी गटातून कर्ज काढून मुलाला शिकवलं. दुसऱ्याच्या उसात भांगलण करून हप्ते फेडले, एकही चुकवला नाही. मुलगा मोठ्या शहरात नोकरीला लागला. मावशी पहिल्यांदा त्याच्या घरी गेल्या, तेव्हा त्याचे मित्र आले होते. मुलगा त्यांना म्हणाला, “गावाकडच्या बाई आहेत, घरकामाला मदत करायला आल्यात.” मावशी दुसऱ्या दिवशी मिळेल त्या एसटीनं परत आल्या. हे त्यांनी दोन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. एका सिनेमानं ते तोंडातून बाहेर काढलं.

त्या रात्री आम्हाला प्रश्न पडला. पडद्यावर आपल्याला इतकं रडवणारी ही बाई स्वतः कशी जगली? तिनंही सगळं सोसून गप्प राहायचंच ठरवलं होतं का? म्हणून जिथून मिळाली तिथून माहिती काढली. आणि बघतो तर त्यांच्या आयुष्याची कथा त्यांच्या सिनेमातल्या कथेपेक्षा पुष्कळ वेगळी निघाली.

त्यांची गोष्ट समजायची तर आपल्या कोल्हापुरापासून सुरुवात करायला हवी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा राणी तारामतीचं काम करायला त्यांना बाई मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंखे या पुरुषाला लुगडं नेसवून तारामती केलं. सिनेमात काम करणं म्हणजे बाईनं अब्रू घालवणं, असं लोक मानायचे. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी उभ्या राहिल्या, म्हणून वाट थोडी तरी मोकळी झाली.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. त्यांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला गाव सोडून शहरात मजुरीला जावं लागतं, अशी ती कथा. त्यात शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. आपले बचत गट ज्या दुखण्यावर औषध म्हणून निघाले, ते दुखणं कोल्हापूरच्या सिनेमानं शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर दाखवलं होतं. पुढं १९३२ साली कोल्हापुरातच प्रभात कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. कथा तीच हरिश्चंद्राची, पण या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातली शिकलेली बाई. पुरुषाच्या तारामतीपासून बाईच्या तारामतीपर्यंत यायला एकोणीस वर्षं लागली.

अशा या कोल्हापूरच्या भागात १९२८ साली सुलोचनादीदींचा जन्म झाला. गाव खडकलाट, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. म्हणजे आपल्या निपाणीकडचा सीमाभाग, जिथं एकाच घरात मराठी आणि कानडी दोन्ही बोललं जातं. लग्न लहान वयातच झालं. शाळा थोडीच झालेली. सांगायचा मुद्दा हा, की आपल्या गटातल्या कितीतरी बायकांची सुरुवात जशी झाली, तशीच त्यांचीही झाली.

सिनेमात त्या आल्या १९४३ साली, मास्टर विनायकांच्या कंपनीत. ही कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. ‘चिमुकला संसार’ नावाच्या चित्रपटात छोटंसं काम मिळालं. त्याच कंपनीत तेव्हा आणखी एक पोर काम करत होती. वडील नुकतेच वारलेले, पाठीवर चार लहान भावंडं, घर चालवायची जबाबदारी तिच्यावर. ती म्हणजे लता मंगेशकर. सुलोचनादीदींपेक्षा वर्षभरानं लहान. दोघींची तिथं जमलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. आज आपण त्यांना केवढ्या मोठ्या म्हणतो, पण त्या वेळी त्या महिन्याच्या पगाराकडं डोळे लावून बसणाऱ्या दोन पोरी होत्या.

पुढं मास्टर विनायकांची कंपनी मुंबईला गेली. सुलोचनादीदी कोल्हापुरातच राहिल्या आणि भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत कामाला लागल्या. भालजींना सगळे बाबा म्हणायचे. ‘सुलोचना’ हे नाव त्यांनीच दिलं. सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची.

पण नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. बोलणं होतं खेड्यातलं, सीमाभागाच्या वळणाचं. बोलपटात तर प्रत्येक शब्द स्वच्छ यायला हवा. भालजींनी त्यांच्याकडून वाचून घेतलं, शब्द घोटून घेतले, आणि दीदींनीही त्याचा कंटाळा केला नाही. थोडी शाळा झालेल्या या बाईनं आपली जीभ अशी तयार केली, की पुढं त्यांच्या तोंडचं मराठी ऐकायला लोक थेटरात जायला लागले. हिंदीसुद्धा त्या नंतर शिकल्या.

ही गोष्ट कळली तेव्हा आम्हाला आमच्यातलीच एक ताई आठवली. गटाची सचिव म्हणून ती पहिल्यांदा एका बँकेत गेली. तिचं बोलणं ऐकून खिडकीमागचा माणूस म्हणाला, “शिकलेलं कुणीतरी घेऊन या.” ती रडत परत आली आणि सचिवपद सोडते म्हणाली. आम्ही तिला एवढंच सांगितलं, की दर बैठकीत इतिवृत्त आणि हिशेब तूच वाचायचास, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पहिले दोन महिने अडखळली, पोरी हसल्या. आज तीच ताई तालुक्याच्या मेळाव्यात माइक हातात धरून बोलते. तिचा हेल अजून आपल्याकडचाच आहे, आणि तो जायची काही गरजही नाही. शब्द स्वच्छ येतात, आकडे चुकत नाहीत. शिकायचं वय निघून गेलं, असं तुमच्यातल्या कुणी म्हणत असेल, तर तिनं हे आठवावं.

आता जयप्रभा स्टुडिओवर आलेल्या संकटाचं सांगतो. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि कोल्हापुरात जाळपोळ उसळली. त्यात भालजींचा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’ नावाचा चित्रपट तेव्हा तयार होत होता, तोही जळाला. किती जणांचे दिवसच्या दिवस कष्ट एका दिवसात राख झाले. भालजी कर्जात बुडाले. पण त्यांनी स्टुडिओ परत उभा केला आणि ‘मीठभाकर’ पहिल्यापासून पुन्हा चित्रित केला. १९४९ साली तो लोकांपुढं आला. त्यात सुलोचनादीदी होत्या. एकदा रडून, हसून, बोलून झालेलं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पुरात उभं पीक गेल्यावर पुन्हा बी आणायला निघालेल्या बाईलाच ते कळेल.

त्यानंतर त्यांचं काम वाढतच गेलं. १९५३ साली ‘वहिनींच्या बांगड्या’ आला. दिरावर लेकासारखी माया करणारी वहिनी त्यांनी अशी उभी केली, की गावोगावच्या वहिन्यांना ती आपलीच वाटली. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये त्या एका गरीब कुंभाराची बायको झाल्या. कथा ग. दि. माडगूळकरांची. घरात पोरं पुष्कळ, मिळकत तुटपुंजी, आणि त्या ओझ्याखाली आईबाप चिरडून जातात. कुटुंब किती मोठं असावं, हा प्रश्न तेव्हा घराघरांत दबक्या आवाजात बोलला जायचा. तो या सिनेमानं चावडीवर आणून ठेवला. आपल्या आज्यांनी तंबूतल्या सिनेमात तो बघितला असेल, तर घरी येऊन त्या काय बोलल्या असतील, हे विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

१९६४ साली भालजींनी ‘मराठा तितुका मेळवावा’ काढला आणि त्यात दीदी जिजाऊ झाल्या. या चित्रपटाचं संगीत आनंदघन या नावानं दिलं होतं, आणि आनंदघन म्हणजे लताबाई. एकेकाळी एकाच कंपनीत पगाराची वाट बघणाऱ्या दोन पोरी वीस वर्षांनी एकाच चित्रपटात अशा भेटल्या. एक जिजाऊंच्या वेशात, दुसरी संगीतकार म्हणून.

हिंदीतही त्यांनी मोठं काम केलं. बिमल रॉय यांचा १९५९ चा ‘सुजाता’ मिळाला तर जरूर बघा. अस्पृश्य मानलेल्या जातीतलं एक अनाथ बाळ उच्च जातीच्या घरात वाढतं. त्या घरातली बाई म्हणजे सुलोचनादीदी. ती त्या मुलीला खायला घालते, वाढवते, पण लोकांपुढं तिला ‘मुलगी’ म्हणायला तिची जीभ रेटत नाही. ‘मुलीसारखी’ म्हणते. एवढ्या एका शब्दातला भेद त्या पोरीच्या काळजाला किती घरं पाडतो, हे तो सिनेमा दाखवतो. शेवटी त्याच मुलीचं रक्त घेऊन आईचा जीव वाचतो. आपल्या गटातही सगळ्या जातींच्या बायका एका सतरंजीवर बसतात. पण चहाचा कप कोण कुणाच्या घरी घेतं आणि कोण घेत नाही, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून म्हणतो, हा सिनेमा बघा.

यात एक आकडा लक्षात घ्या. ‘सुजाता’त नूतन त्यांची मुलगी झाली, आणि नूतन त्यांच्यापेक्षा फक्त आठ वर्षांनी लहान. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदच्या आई झाल्या, आणि देव आनंद त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा! पुरुष पन्नाशीकडं झुकला तरी नायक राहतो, बाई तिशीला आली की तिला आईचं काम देतात. हे फक्त सिनेमातच आहे असं नाही. शेतातल्या मजुरीत बाईला किती आणि गड्याला किती, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण दीदींनी समोर आलेलं काम घेतलं आणि ते इतकं नीट केलं, की त्यांच्याशिवाय आई नाही असं निर्मात्यांना वाटायला लागलं. मराठी पन्नासच्या आसपास आणि हिंदी अडीचशेच्या आसपास चित्रपट त्यांनी केले. १९९९ साली पद्मश्री मिळाली, २००९ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. ४ जून २०२३ रोजी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. सरकारी इतमामानं त्यांना निरोप दिला गेला.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. पडद्यावर त्यांनी रंगवलेली आई कशी आहे? स्वतः उपाशी राहते, लेकराला भरवते, अपमान गिळते, कुणाला काही मागत नाही. १९६८ च्या ‘एकटी’तही तेच. आई शिवणकाम करून, राबून मुलाला शिकवते आणि शेवटी एकटी राहते. आपण त्या आईला देवी म्हणतो. आणि देवी म्हटलं की सोय होते, कारण देवी जेवायला मागत नाही, सातबाऱ्यावर नाव मागत नाही, म्हातारपणी दवाखान्याचा खर्चही मागत नाही.

पण ती आई रंगवणारी बाई तशी जगली नाही. ती रोज कामावर गेली. कामाचा मोबदला घेतला. जे येत नव्हतं ते शिकली. स्वतःच्या नावानं ओळखली गेली. ज्या काळात सिनेमातल्या बाईला लोक नावं ठेवायचे, त्या काळात सरळ मानेनं काम करून तिनं सगळ्यांकडून ‘दीदी’ म्हणवून घेतलं. त्याग करणारी आई हे तिचं काम होतं. संध्याकाळी तोंडाचा रंग पुसून ती घरी यायची. आपल्यातल्या कितीजणींनी मात्र तो रंग जन्मभर पुसलाच नाही.

हे आम्ही पुढच्या बैठकीत बोललो, तेव्हा एक आक्का रागावल्या. म्हणाल्या, “म्हंजे आईनं लेकरासाठी करू नये म्हणता काय?” तसं आम्ही म्हणत नाही. आईनं करावंच, बापानंही करावं. पण केलेलं लेकराला माहीत असावं. ‘मोलकरीण’मधल्या आईनं आणि आमच्या मावशींनी एकच चूक केली, की किती आणि कसं केलं हे मुलापासून लपवलं. हप्ता कुठून भरला, कानातलं कधी मोडलं, हे त्याला कधी कळूच दिलं नाही. मग त्याला आई फुकटात मिळालेली वाटली, यात नवल ते काय?

म्हणून त्या गटानं एक नियम केला. तो तुम्हालाही सांगतो, पटला तर घ्या. मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी आईनं गटाचं कर्ज मागितलं, तर त्या मुलानं किंवा मुलीनं बैठकीला येऊन बसायचं. कर्ज किती, हप्ता किती, आई तो कशातून फेडणार, हे सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडानं वाचायचं आणि आईच्या सहीशेजारी आपली सही करायची. कायद्याच्या कागदावर या सहीला काही किंमत नसेल. पण पोरगं एकदा ते वाचतं, तेव्हा त्याचा आवाज कसा होतो, हे आम्ही बघितलं आहे.

मावशींचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. त्यांनी स्वतःच त्या मुलाला गावाला बोलावलं. गटाचं जुनं पासबुक त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, “वाच.” त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. पुढं काय बोलणं झालं, ते मायलेकांचं आहे, आम्ही विचारलं नाही. सगळं गोड झालं असंही सांगणार नाही. तो अजून कमीच येतो. पण मावशींनी त्यानंतर आपल्या नावानं दोन शेळ्या घेतल्या आणि भांगलणीला जाणं निम्म्यावर आणलं. आता त्या म्हणतात, “माझं म्हातारपण मी बघती, त्यानं आला तर चा पिऊन जावं.”

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यात एक करा. एखाद्या बैठकीनंतर सुलोचनादीदींचा एखादा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघा. घरातल्या पोरांना, सुनांना, जमलं तर धन्यालाही शेजारी बसवा. रडू आलं तर रडा. सिनेमा संपला की लगेच उठू नका. एकमेकींना विचारा, की या आईच्या जागी मी असते तर काय बोलले असते? आणि मग घरात आजवर आपण काय काय केलं, त्याचा हिशेब एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. आपल्याला वाचायची सवय आहे, गटात दर महिन्याला वाचतोच की.

पाऊस वाढला आहे, रात्रीची वाट जपून चाला. पुढच्या खेपेला भेटू. नमस्कार.